अकरा वर्षांची गाडी, सव्वीस पानांचा करार

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात मिठाईचा डबा नव्हता, म्हणजे बातमी अजून पक्की नव्हती. एक प्लास्टिकची फाईल होती. ती टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, गाडी लेनेका इरादा है. जरा कागदाँ देख लो ना."

आमच्या सोलापुरात 'गाडी' म्हटलं की ऐकणारा माणूस बघून अर्थ लावायचा. या मुलाची गाडी म्हणजे दहा टायरचा ट्रक. दहावी झाल्यावर तो क्लिनर म्हणून हैदराबाद रोडवर गेला, मग शिकत शिकत ड्रायव्हर झाला. गेली नऊ वर्षं तो दुसऱ्याची गाडी चालवतोय. साखर, कांदा, सिमेंट, कधी न्हावा शेव्याचा माल. आता त्याला स्वतःची गाडी घ्यायची आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. २०१४ चं मॉडेल, एमएच ४६ म्हणजे पनवेलची पासिंग, किंमत बारा लाख. त्यातले दोन लाख त्याचे स्वतःचे, आणि त्या दोनमध्ये त्याच्या बायकोच्या बांगड्या आहेत. उरलेले दहा लाख फायनान्सचे.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. ट्रकमधलं मला हॉर्न सोडून काही कळत नाही. तरी मोहल्ल्यातली माणसं कागद घेऊन माझ्याकडे येतात. शाळेत त्यांना वाचायला मी शिकवलं, तेव्हा पुढचं वाचून देणंही माझ्याच खात्यात पडलेलं आहे. त्या फाईलीवर मी चार संध्याकाळी घालवल्या. त्यातून माझं जे मत झालं ते इथं लिहितो, कारण 'पोरगं मालक झालं' म्हणून आपण हार घालायला जातो, पण त्याआधी त्याच्याबरोबर बसून हिशोब करायला कुणी जात नाही.

पहिली संध्याकाळ व्याजात गेली. फायनान्सच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, "फक्त नऊ टक्के, भाई." तीन वर्षांची मुदत. दहा लाखांवर नऊ टक्क्यांनी तीन वर्षांचे दोन लाख सत्तर हजार. एकूण बारा लाख सत्तर हजार, भागिले छत्तीस. हप्ता ३५,२७८ रुपये. हिशोब सरळ दिसतो, आणि गोम तिथंच आहे. हे नऊ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत राहता, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण दहा लाखांवरच लागतं. छत्तिसाव्या महिन्यात पस्तीस हजारांच्या आसपास देणं उरलेलं असतं, तरी व्याज दहा लाखांचं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हेच व्याज सोळा टक्क्यांच्या पुढे जातं. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. आकडा बदलला नाही.

पोरगं गप्प बसलं. मग म्हणालं, "सर, नऊ और सोला में तो बहुत फरक है."

रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या संस्थांना एक गोष्ट बंधनकारक केली आहे. अशा कर्जाच्या वेळी ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा छोटा कागद द्यायचा, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, आणि तो कागद ग्राहकाला समजेल अशा भाषेत असायला हवा. या शेवटच्या अटीवर मी बोट ठेवून दहा मिनिटं बसलो होतो. समजेल अशा भाषेत. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला मराठीत मागता येतो. त्यानं शाखेत जाऊन मागितला. आधी 'असलं काही नसतं' असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा एक कागद हातात आला, इंग्रजीत.

करार मात्र त्यांनी आधीच दिला होता. सव्वीस पानं, बारीक अक्षरं, आणि ठिकठिकाणी पेन्सिलीनं फुल्या, 'इथं सही'. मी बी.एड. झालेला माणूस आहे, तरी तिसऱ्या पानावर माझी दमछाक झाली. इंग्रजीच्या मॅडमना बोलावलं. त्यांनाही दोन कलमं परत परत वाचावी लागली. हप्ता चुकला तर गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार, जामीनदारावर पूर्ण रकमेची जबाबदारी (जामीनदार म्हणजे त्याचा मेहुणा, ज्यानं अजून एक पानही पाहिलेलं नाही), आणि मालकी हस्तांतराच्या फॉर्मवर आधीच कोऱ्या सह्या. त्या कोऱ्या सह्यांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "सगळेच करतात."

सगळेच करतात हे खरं आहे. म्हणूनच मला आणखी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगायची आहे. तो या मुलाच्या दोन वर्षं पुढे होता. त्यानंही अशीच जुनी गाडी घेतली. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, पैसे मोजले, चावी घेतली. नोंद मूळ मालकाच्याच नावावर राहिली, कारण मूळ मालकाचा बोजा उतरलेला नव्हता. 'उरलेले हप्ते मी भरून टाकतो, मग नावावर करू' असा तोंडी वायदा झाला होता. आठ महिने गाडी चालली. मग एका सकाळी धाब्यावरून फायनान्सवाल्यांनी ती ओढून नेली. त्यांच्या दफ्तरात कर्जदार दुसराच होता, थकबाकी त्याची होती, आणि आमच्या पोराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. नोटरीचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला होता. मी तो वाचला. मराठी शुद्ध होती. उपयोग शून्य होता. आज तो भिवंडीच्या एका गोदामावर रोजानं गाडी चालवतो आणि मला फोन करत नाही.

म्हणून या वेळी दुसरी संध्याकाळ आम्ही फक्त नावावर घालवली. मोटार वाहन कायद्यात, एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या फायनान्सचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, त्या कंपनीच्या सही-शिक्क्यासह. नवा बोजा चढवायला फॉर्म ३४. पनवेलहून सोलापूरला आणायची म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी. हे सगळं ऐकून दलाल हसतो आणि 'टाइम लगता है' म्हणतो. वेळ लागतोच, पण मग पैसेही तितक्याच हळू द्यावेत. बयाणा द्या, बाकी रक्कम बोजा उतरल्यावर द्या. दलालाला हे पटणार नाही, पण पटवायला एक मुद्दा आहे, आणि तो विकणाऱ्याच्याच फायद्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली, ताबा दिला, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. पोरानं हे मूळ मालकाला फोनवर सांगितलं, तेव्हा दोन दिवसांत त्यानं स्वतःहून कर्ज फिटल्याचा दाखला शोधायला घेतला. त्या दिवशी मला मास्तर असल्याचं जरा बरं वाटलं.

विम्याचंही तसंच. विकलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असं कायदा धरतो, पण चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही. गाडी पलटी झाली आणि पॉलिसीवर जुन्याचं नाव असलं की सगळा भार घरावर. आणि मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून थकलेली ई-चलनं बघायची. ही गोष्ट पोराला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. त्यानं आधीच काढली होती, सात निघाली.

तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "सर, कागद झाले. आता कमाईचं बघू." माझ्या मते कागदाइतकीच, कदाचित जास्त, चूक इथं होते. तो हिशोब असा मांडत होता: एवढं भाडं, वजा डिझेल, वजा टोल, वजा भत्ता, उरले एवढे, त्यातून हप्ता. हिशोब ट्रिपचा होता. ड्रायव्हरची नजर ट्रिपवर असते, ते साहजिक आहे. पण मालकाचा खर्च तारखेनं चालतो. मी वहीवर लिहिलं. हप्ता ३५,२७८. थर्ड पार्टी विमा, वीस ते चाळीस टन वजनगटाचा जून २०२२ चा दर वर्षाला ४३,९५० रुपये, महिन्याला धरा ३,६६०, जीएसटी वेगळा. नॅशनल परमिटची वर्षाची एकत्रित फी १६,५००, महिन्याला १,३७५. झाले चाळीस हजारांच्या वर. दिवसाला भागलं तर साधारण १,३४० रुपये. गाडी हलो न हलो.

"वर्षात गाडी किती दिवस उभी असते?" मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. पण त्याची बायको हुशार आहे. प्रत्येक लोडिंगचा फोटो तो तिला पाठवतो, तिनं वर्षाचे फोटो मागे जाऊन मोजले. भाड्याची वाट बघत, गोदामाबाहेर रांगेत, गॅरेजमध्ये, सणाला, पावसात, सगळे मिळून एकशे दहा दिवस. नोकरीत त्या दिवसांचा त्याला थोडाफार भत्ता तरी मिळत होता. मालक झाल्यावर तेच एकशे दहा दिवस त्याला जवळपास दीड लाखाला पडणार. त्यात टायर नाहीत. जुन्या गाडीला दहातले निदान सहा टायर पहिल्याच वर्षी घालावे लागणार, एकेक वीस हजारांच्या घरात. रिमोल्ड घातले तर स्वस्त, पण घाटात त्यांच्यावर भरवसा कोण ठेवणार? पाटे, क्लच, पिस्टन-लायनर मी धरलेच नाहीत, कारण मला ते कळत नाहीत आणि त्याला ते धरायचे नव्हते.

मग माणूस ही तूट कशानं भरून काढतो? जास्त माल भरून. २०१८ मध्ये सरकारनं तीन ॲक्सलच्या गाडीची मर्यादा पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीस केली, तरी भरणारा त्याच्याही वर भरतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार. माझ्या विद्यार्थ्यानं आजवर शेठच्या सांगण्यावरून ओव्हरलोड चालवली असेल, पण हप्त्याच्या भीतीनं स्वतःहून कधी भरली नव्हती. भीती माणसाला रात्रभर जागं ठेवते, आणि तो जागरण करून स्टिअरिंगवर बसतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, दंडाची नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी या लेखाला हे शीर्षक दिलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटला वयाची मर्यादा आहे. साध्या दोन ॲक्सलच्या मालगाडीला बारा वर्षं, मल्टी-ॲक्सलला पंधरा. दहा टायरची गाडी मल्टी-ॲक्सल, म्हणजे पंधरा. ही गाडी आज अकरा वर्षांची. कर्ज तीन वर्षांचं. म्हणजे शेवटचा हप्ता भरून, बोजा उतरवून ज्या दिवशी ही गाडी खऱ्या अर्थानं त्याची होईल, त्या दिवशी तिचं नॅशनल परमिटचं आयुष्य जेमतेम वर्षभर उरलेलं असेल. नंतर तिनं हैदराबादचं तोंड बघायचं नाही, महाराष्ट्रातच फिरायचं. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी, ते वेगळंच. मोठा शेठ गाडीची उमेदीची वर्षं वापरतो आणि म्हातारपण आमच्या पोरांना विकतो. यात शेठचं काही चुकत नाही, तो धंदा करतो. पण आपण त्या म्हातारपणाला हार घालतो.

मी त्याला स्पष्ट म्हणालो, ही घेऊ नकोस. घ्यायचीच तर सहा-सात वर्षांची घे, छोटी घे, सहा टायरची घे. तो म्हणाला, "सर, सहा टायरला भाडं कुठं मिळतं?" त्याचंही खरं असेल. मी वहीतला माणूस आहे, तो रस्त्यावरचा.

त्याच्या अब्बांचा विरोध वेगळ्या कारणानं आहे. सूदच्या पैशाच्या गाडीत बरकत नसते, असं ते म्हणतात. मी फतवा देणारा नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेची चेष्टा करणाऱ्यांतलाही नाही. पण एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडे सूद हराम आहे असं सांगणारे भरपूर, आणि बिनसुदी दहा लाख उभे करून देणारा एकही नाही. बिनव्याजी सोसायट्या आहेत, चांगलं काम करतात, पण सोनं ठेवून पन्नास हजार देणं एवढीच त्यांची ऐपत. भागीदारीचा रस्ता आपल्या दीनमध्येही आहे आणि आपल्या बाजारातही. आमच्या यंत्रमागवाल्यांच्या जुन्या पिढीत एकाचा पैसा आणि एकाची मेहनत अशी भागी चालायची, नफा-तोटा दोघांचा. ज्यांचे पैसे आज शहराबाहेरच्या प्लॉटमध्ये गवत उगवत पडलेत, अशी तीन-चार माणसं माझ्या मशिदीच्या पहिल्याच सफमध्ये उभी असतात. त्यांच्यापैकी एकानं या मुलाबरोबर नवी नाही तरी पाच वर्षांची गाडी भागीत घेतली, लेखी, हिशोबासह, तर नॅशनल परमिटची दहा वर्षं हातात राहतात. मी दोघांशी बोललो. एक म्हणाला, ड्रायव्हर लोकांचा काय भरोसा. दुसऱ्यानं चहा पाजला.

या सगळ्यात माझ्या पेशाचाही दोष आहे, तो लपवत नाही. १९८९ च्या नियमांत व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये सरकारनं ती काढण्याचा निर्णय घेतला. मला तो निर्णय योग्यच वाटला, गाडी चालवता येणाऱ्याची रोजी शाळेच्या दाखल्यावरून का अडवायची? पण अट गेली म्हणून करार काही आठवी नापासाला कळेल असा झाला नाही. आणि हा मुलगा तर दहावी पास आहे, तोही माझ्या हाताखालून. दहावीच्या मराठीत आम्ही उपयोजित लेखन शिकवतो. पत्र, जाहिरात, बातमी. 'वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी करणारे पत्र' हे मी इतक्या वेळा तपासलंय की झोपेत गुण देईन. पण या वर्गातून दरसाल चार-पाच मुलं क्लिनर होऊन रस्त्याला लागतात हे मला माहीत असूनही मी त्यांना कधी विम्याची पॉलिसी वाचायला दिली नाही, हप्त्याचं पत्रक दिलं नाही, आरसी बुकावर बोजा कुठं लिहिलेला असतो ते दाखवलं नाही. या वर्षी दिवाळीनंतर एक तास त्यासाठी काढायचा ठरवलाय. मुख्याध्यापक म्हणाले, सिलॅबस पूर्ण करून काय ते करा.

चौथ्या संध्याकाळी फाईल मिटली. त्यानं माझं पूर्ण ऐकलं नाही. गाडी सोडलीही नाही. किंमत दीड लाखानं खाली मागितलीय, मुदत तीनऐवजी दोन वर्षं, म्हणजे परमिटची निदान दोन वर्षं बोजा उतरल्यावरची मिळतील. हप्ता त्यामुळे वाढणार, बायको म्हणाली शिलाई सुरू करते. मराठीतल्या कागदासाठी शाखेत लेखी अर्ज दिलाय. अर्जाचा मसुदा त्यानं स्वतः केला, मी फक्त 'मागनी'चा 'मागणी' केला. कोऱ्या सह्यांचं अजून मिटलेलं नाही. जामीनदार मेहुण्याला या रविवारी घरी बोलावलंय, वाचून दाखवायला.

आणि येत्या शुक्रवारी सकाळी कळंबोलीला गाडी बघायची आहे. दलाल म्हणाला होता, "धुऊन, चालू करून तयार ठेवतो." पोरानं फोनवर सांगितलं, चालू करू नका, थंडीच राहू द्या. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा पहिला धूरच खरं सांगतो, गरम इंजिन सगळं लपवतं, असं त्यानं मला समजावलं. पांढरा धूर असेल तर एक आजार, निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. चेसिसवर पाट्यांजवळ वेल्डिंगचे डाग शोधायचे, चेसिस नंबर आरसीशी ताडून बघायचा. हे सगळं तो बघेल. मला फक्त एवढंच सांगितलंय की तो सालीकडे, म्हणजे टायरकडे बघत असताना मी पोहोचल्या पोहोचल्या बोनेटवर हात ठेवायचा, आणि गरम लागलं तर त्याला खूण करायची.